४२० चा रेक आणि रिगचं टेन्शन: बारा नॉटच्या वर टिलर हातात राहत नाही

खारावारा

नमस्कार मंडळी. इथे लेझरवाले (एकट्याने चालवायची शिडाची बोट) बरेच दिसतात, दोन माणसांच्या बोटी चालवणारे किती आहेत ठाऊक नाही, तरी विचारते.

मी कॉलेजपासून लेझर (आता इल्का म्हणतात ती) चालवत आले. तिला ना श्राउड (मास्टला, म्हणजे डोलकाठीला, बाजूंनी धरणाऱ्या तारा), ना फोरस्टे (पुढून धरणारी तार). मास्ट भोकात उभी केली, किकर (शिडाखालचा आडवा दांडा, म्हणजे बूम, खाली ओढणारा दोर) ओढला, निघालो. या हंगामात धाकट्या भावाला क्रू म्हणून पकडलं आणि एक जुनी फायबरची ४२० (दोघांनी चालवायची छोटी शिडाची बोट) घेतली. भाऊ ट्रॅपीझवर (बोटीबाहेर तारेला लटकून), मी टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर), दोघांचं मिळून वजन एकशे पंधरा किलोच्या आसपास. मुंबई बंदरात, गेटवेच्या दक्षिणेला चालवतो.

सकाळी सहा-सात नॉट वारा असतो तेव्हा बोट छान चालते, कोणाच्या मागे राहत नाही. दुपारी वायव्येचा वारा भरून बारा-चौदावर गेला की सगळं बिघडतं. टिलर इतका ओढतो की खांदा भरून येतो. बोट सारखी वाऱ्याकडे तोंड फिरवू बघते, आणि गंमत म्हणजे एवढं करूनही वाऱ्यावर चढत नाही. बाकीच्या ४२० आमच्याच वेगाने पण आमच्यापेक्षा दहा अंश वर जातात. त्यात भर म्हणून मांडव्याच्या लाँचींच्या लाटा.

रेकचं, म्हणजे मास्ट किती मागे झुकलीय त्याचं, मी केलेलं माप असं: मेनच्या (मोठ्या शिडाच्या) हॅलयार्डला (शीड चढवायच्या दोराला) टेप बांधून मास्टच्या टोकापर्यंत चढवला आणि ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या फळीच्या) वरच्या कडेपर्यंत मोजलं. ६.०५ मीटर आलं. शीड ज्यांनी शिवलं त्यांच्या तक्त्यात जोराच्या वाऱ्याला साधारण हाच आकडा दिलाय. मोजताना जिब (पुढचं छोटं शीड) चढवलेली नव्हती, बोट ट्रॉलीवर होती. रिगच्या, म्हणजे मास्ट धरणाऱ्या तारांच्या टेन्शनचं म्हणाल तर गेज नाही, श्राउड अंगठ्याने दाबून 'बरा आहे' इतपत बघते.

प्रश्न असे की मास्ट पुढे घेऊ का? मागे झुकलेली मास्ट म्हणजे वेदर हेल्म (बोटीची वाऱ्याकडे वळायची ओढ) जास्त, असं सगळीकडे वाचलंय. टेन्शन किती ठेवायचं? आणि स्प्रेडरना (मास्टवरून श्राउडना बाहेर ढकलणाऱ्या आडव्या दांड्यांना) हात लावायचा की नाही?

धरणकाठ

खडकवासल्यावर एंटरप्राइज चालवतो, ४२० फक्त लांबून पाहिलीय, तेव्हा मिठाच्या चिमटीसह वाचा. पण तत्त्व एकच आहे. मास्ट मागे गेली की शिडांचा जोर मागे सरकतो, पाण्याखालचा बोर्ड आहे तिथेच राहतो, म्हणून बोटीचं नाक वाऱ्याकडे वळतं. श्राउडच्या पिना एक भोक वर घ्या, मास्ट थोडी उभी होईल, टिलर हलका होईल. आमच्याकडे वारा डोंगरातून तुकड्यातुकड्याने येतो, मी मास्ट बऱ्यापैकी उभीच ठेवतो आणि त्रास नाही.

टेन्शनबद्दल एवढंच की फार ओढू नका. जुन्या बोटींच्या चेनप्लेटपाशी (श्राउड बोटीला अडकतो त्या पट्टीपाशी) तडे जातात.

जुना_बोसन

ताई, मास्ट पुढे घेऊ नका. धरणकाठ म्हणतात ते कागदावर बरोबर आहे आणि धरणातल्या वाऱ्याला चालूनही जाईल. पण तुमची मास्ट मागे आहेच कुठे?

तुमचा ६.०५ हा ट्रॉलीवर उभ्या असलेल्या बोटीचा आकडा आहे, चालत्या बोटीचा नाही. ४२० वर फोरस्टेचं काम जिब खाली असताना मास्ट पडू नये एवढंच. जिब चढवून हॅलयार्ड टॅकलने ताणला की फोरस्टे सैल पडतो आणि सगळा भार जिबच्या लफमधल्या (पुढच्या कडेतल्या) वायरवर येतो. रिग म्हणजे मग तीन वायरी: दोन बाजूंचे श्राउड आणि पुढची जिबची लफ. हॅलयार्ड ताणाल तशा श्राउडच्या वायरी लांबतात. अडीच मिलिमीटरची, साडेचार मीटर लांबीची वायर दीडशे किलोच्या ओढीखाली सेंटीमीटरभर तरी ताणली जाते. त्यात जुनं फायबर थोडं वाकतं. परिणाम, मास्ट पुढे येते.

सेंटीमीटरभर म्हणजे किती पुढे? इथे बहुतेक जण फसतात. चेनप्लेट मास्टच्या थोडीशीच मागे असते, बरीचशी बाजूला. म्हणजे श्राउड मास्टला मुख्यतः आडवं धरतो, मागे ओढण्याचा त्याचा कोन फार लहान. त्यामुळे श्राउड तीन-चार मिलिमीटर लांब-आखूड झाला तरी मास्टचं टोक चार-सहा सेंटीमीटर हलतं आणि टेपवर दोनेक सेंटीमीटरचा फरक दिसतो. आता हिशेब करा. जिब ताणून मोजलंत तर माझ्या अंदाजाने ६.१० च्या पुढेच काहीतरी येईल. टेपवर आकडा मोठा म्हणजे मास्ट जास्त उभी. थोडक्यात, चौदा नॉटमध्ये तुम्ही सकाळच्या वाऱ्याचा रेक घेऊन फिरताय.

मग टिलर का ओढतो? तीन कारणं, आणि माझ्या मते महत्त्व याच क्रमाने.

एक, बोट कलते. डिंगी कलली की पाण्यातला तिचा आकार एका बाजूला फुगीर होतो आणि ती स्वतःच वाऱ्याकडे वळते, मास्ट कुठेही असली तरी. भाऊ ट्रॅपीझवर पूर्ण ताणलेला आणि तुम्ही पूर्ण बाहेर, तरी बोट सपाट राहत नसेल तर शिडांत गरजेपेक्षा जास्त जोर आहे. उभ्या मास्टला मेनची लीच (मागची कडा) वरपर्यंत बंद राहते, जोर सुटायला जागा नसते. मास्ट मागे घेतली की वरची लीच उघडते, वारा वरून निसटतो, बोट सपाट होते. म्हणून जोराच्या वाऱ्यात रेक वाढवल्यावर टिलर हलका होतो. हे पुस्तकाच्या उलट वाटतं, पण करून बघा.

दोन, जिबची लफ ढिली आहे. वाऱ्यावर न चढण्याचं कारण बहुतेक हेच. टेन्शन कमी असलं की वारा भरताच लफ खालच्या अंगाला (वारा जातो त्या बाजूला) धनुष्यासारखी वाकते. सपाट हवी असलेली जिब नेमकी जोराच्या वाऱ्यात पोटाळ होते, वाऱ्याकडची कडा गोल होते आणि तुम्ही वर चढायला गेलात की आधी तीच फडफडते. मग तुम्ही खाली पडता, मेन आणखी ओढता, टिलर आणखी जड होतो.

तीन, सेंटरबोर्ड (पाण्याखालची उभी फळी). तो पूर्ण खाली आणि पुढे असेल तर जोराच्या वाऱ्यात दोन-चार बोटं वर घ्या. बोर्ड फिरून मागे जातो आणि टिलर लगेच सुटतो. सगळ्यात स्वस्त उपाय, तरी लोक विसरतात.

आता काम. वारा नसलेल्या जागी, भिंतीच्या आडोशाला, जिब चढवा. (मोजायला बोट समपातळीत हवी म्हणून ट्रॉलीखाली विटा लावणारे पाहिलेत. गरज नाही. टेप बोटीवरच्याच दोन बिंदूंमधलं अंतर मोजतो. ओळंबा सोडून मोजणार असाल तरच पातळी लागते.) जिबचा हॅलयार्ड चालवताना असेल तितका ताणा. टेप पोलादी घ्या, कापडी ओढला तसा लांबतो. मेनचा हॅलयार्ड दरवेळी अगदी त्याच जागी टेकेपर्यंत चढवा, टेप घट्ट धरा, वाऱ्याने पोट येऊ देऊ नका. मग वाचा. हा खरा रेक.

तो तक्त्यातल्या जोराच्या वाऱ्याच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर दोन्ही बाजूंच्या पिना एकेक भोक खाली घ्या, हॅलयार्ड पुन्हा ताणा, पुन्हा मोजा. दोन्ही बाजू सारख्या आहेत ना तेही याच वेळी बघून घ्या: तोच टेप एकदा डाव्या आणि एकदा उजव्या चेनप्लेटला लावायचा. फरक निघाला तर आधी तो काढा, बाकी सगळं नंतर.

टेन्शन किती, याला पाण्यावरची माझी खूण अशी. वाऱ्यावर चढताना, भाऊ ट्रॅपीझवर असताना, खालच्या अंगाच्या श्राउडकडे बघायचं. बारा नॉटला तो नुकताच सैल व्हायला लागलेला हवा. लोंबत असेल, हाताने हलवला की टपटप वाजत असेल, तर टेन्शन कमी. तारेसारखा ताठ असेल तर जास्त. गेज मिळालं तर उत्तम, पण ही खूण गेज असणाऱ्यांनीही बघावी.

चेनप्लेटबद्दल धरणकाठांची भीती खोटी नाही. जुन्या बोटीत निघताना आणि परतल्यावर दोन्हीदा टेन्शन बघा. दुपारभर चालवून बरंच उतरलं असेल तर वायर नाही, बोट वाकतेय. चेनप्लेटभोवती आणि मास्टच्या पायाखाली बोटांनी दाबून बघा. आणि किनाऱ्यावर आलात की हॅलयार्ड सोडा. रात्रभर ताणून ठेवायची गरज नाही, उन्हात तर मुळीच नाही.

मापं घेऊन इथे टाका, मग पुढचं बोलू.

हुसेनसागर_क्रू

बोसनकाकांशी सहमत. फक्त गेजबद्दल दोन शब्द, कारण आमच्याकडे हैदराबादला यावरून दरवर्षी गोंधळ होतो.

लूज (Loos) कंपनीचं गेज घेतलंत तर त्यावरचा आकडा किलो किंवा पाउंड नसतो, नुसती पट्टी असते. वायर किती जाडीची त्यावरून सोबतच्या तक्त्यात त्याचा भार बघायचा. त्यात लूजच्याच दोन मॉडेलांच्या पट्ट्या एकमेकींशी जुळत नाहीत. त्यामुळे कोणी 'मी अठ्ठावीसवर ठेवतो' म्हटलं की आधी विचारा, कोणतं मॉडेल आणि किती मिलिमीटरची वायर. मान्सून रेगाटाला एका मुलाने दुसऱ्याचा आकडा तसाच उचलला होता. वायरची जाडी वेगळी. दिवसभर त्याला कळेना की बोट लाकडासारखी का चालतेय.

गेज उसनं घ्या, पण दरवेळी तेच घ्या. आणि दरवेळी श्राउडवर त्याच उंचीला लावा. मी वायरवर चिकटपट्टी लावून जागा ठरवून टाकलीय.

एक विनंतीही आहे. श्राउडवरून कापसाचा बोळा फिरवून बघा. तंतू अडकला तर तिथे वायरचा एखादा धागा तुटलेला आहे. मास्टला जिथे श्राउड अडकतो तिथल्या टोकाशी जास्त बघा, बहुतेक वेळा तिथेच सुरुवात होते. जुन्या वायरवर टेन्शन वाढवण्याआधी हे करा. मास्ट पडली की शर्यत बाजूला राहते, ट्रॅपीझवरचा माणूस पाण्यात असतो.

खारावारा

बापरे, एवढं सविस्तर लिहिलंत, आभारी आहे.

शनिवारी ओहोटीला पाणी मागे गेलेलं, स्लिपवर चिखल, तेव्हा निघता येत नव्हतंच. ते दोन तास मापात घालवले. पिना न हलवता, जिब ताणून रेक ६.१२. म्हणजे काका, सात सेंटीमीटर पुढे! भाऊ टेप धरून होता, त्याचा विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजलं. बाजू सारख्या आहेत. कापसाचा बोळा कुठे अडकला नाही.

रविवारी मुद्दाम काही न बदलता खालच्या श्राउडकडे लक्ष ठेवलं. अकरा-बारा नॉटलाच तो इतका लोंबत होता की भाऊ म्हणाला, याला कपडे वाळत घालू.

आता पुढचे प्रश्न. पिना खाली घेऊन ६.०६-६.०७ वर आणायचं ठरवलंय. जिबची कार (तिचा दोर जिच्यातून येतो ती सरकती कडी) हलवावी लागेल का? स्प्रेडरचं अजून कोणी बोललं नाही. आणि सकाळी हलका, दुपारी भरलेला असा दिवस असेल, तर सकाळी कुठला रेक लावायचा?

जुना_बोसन

सात सेंटीमीटर मला जास्त वाटलं नाही. तुमचा आधीचा ताण कमीच होता. व्यवस्थित ताणलीत तर त्याच पिनांवर आणखी पुढे येईल, तेव्हा पिना ठरवताना नव्या टेन्शनलाच मोजा. नाहीतर ६.०६ ठरवून पाण्यात ६.०९ घेऊन जाल.

जिबची कार हो, हलवावी लागेल. मास्ट मागे गेली की जिबही तिच्याबरोबर मागे फिरते आणि क्लू (शिडाचा मागचा खालचा कोपरा) खाली उतरतो. कार जागच्या जागी ठेवली तर ती मागे सरकवल्यासारखा परिणाम होतो: खालची कडा ताणली जाते, लीच वरून उघडते. फार जोराच्या वाऱ्यात ते चालतं, किंबहुना हवंच असतं. पण बारा-चौदाला कार थोडी पुढे घ्या. टेलटेल (शिडावर चिकटवलेले धागे) बघा, वरची आणि खालची एकाच वेळी उडू लागली की कार बरोबर. वरची आधी उडाली तर कार अजून पुढे.

स्प्रेडर. आधी हात लावू नका, फक्त मोजा. स्प्रेडर मागे झुकलेले असतील तर श्राउड ताणले की ते मास्टच्या मधल्या भागाला पुढे ढकलतात. त्याने मास्ट वाकते आणि मेन सपाट होतं. टेन्शन वाढवलं की हा वाकही वाढतो, म्हणून रेक, टेन्शन आणि वाक हे तीन वेगवेगळे नट आहेत असं समजून एकेक फिरवू नये. एक हलवला की बाकीचे दोन पुन्हा मोजायचे. वाक मोजायला मेनचा हॅलयार्ड खाली गूसनेकपाशी (बूम मास्टला जोडतो तिथे) मास्टच्या मागच्या कडेला टेकवून ताणा आणि स्प्रेडरपाशी दोर व मास्ट यांतलं अंतर बघा. जिब अर्थात ताणलेली. दोन-तीन सेंटीमीटर निघालं तर मी पुढचं काही करत नाही. पण शेवटचा शब्द शिडाचा. मेन चढवून वाऱ्यावर चाला. क्लूपासून लफच्या मध्यापर्यंत तिरक्या सुरकुत्या दिसल्या तर त्या शिडाच्या मानाने मास्ट जास्त वाकतेय, स्प्रेडर थोडे पुढे घ्यायचे. सुरकुती नाही आणि तरी मेनचं पोट मोठं, तर मागे. दोन्ही बाजूंना सारखं, आणि एका वेळी थोडंच.

स्प्रेडरची लांबी सोडून द्या. ती बदलायची वेळ या हंगामात येणार नाही.

हलक्या वाऱ्याचं. सकाळच्या सहा-सात नॉटला मास्ट उभी आणि टेन्शन कमी, हे तुमचं आधीचं सेटिंग वाईट नव्हतं, म्हणूनच सकाळी बोट चालत होती. लफ थोडी ढिली असली की जिबला पोट येतं आणि लाँचीच्या लाटेत बोट थांबत नाही. फार ढिली मात्र नको. लाटेवर मास्ट आत ठकठक करायला लागली तर शिडातला वारा प्रत्येक ठोक्याला झटकला जातो.

एकाच दिवशी दोन्ही वारे असतील तर मी दुपारच्या वाऱ्याला धरून पिना लावतो आणि सकाळी फक्त हॅलयार्ड थोडा सोडतो. इथे बरेच जण माझ्याशी भांडतील. पण मुंबईत ऑक्टोबर ते मे दुपारचा वारा बहुधा येतोच, आणि पाण्यात बसून पिना बदलताना पिन हातातून निसटली की दिवस संपला. हॅलयार्डवर मात्र दोन खुणा करा, एक हलक्याची, एक जोराची. पक्क्या शाईने. त्या खुणांना कोणती पिन आणि टेपवर किती आलं हे मास्टच्या खाली, आतल्या बाजूला लिहून ठेवा. वहीत लिहिलेलं घरी राहतं.

धरणकाठ

बोसन, रेक वाढवून टिलर हलका होतो हे मला अजून पचलेलं नाही. मान्य की बोट सपाट राहते म्हणून होतं. मग क्रू वजनदार असेल आणि बोट तशीही सपाट राहत असेल तर?

जुना_बोसन

तर तुमचं बरोबर. जोर पेलायला माणसं पुरेशी असतील तर मास्ट उभी ठेवा आणि तो जोर वापरा. तेवढ्याच वाऱ्यात एकशे तीस किलोची जोडी ६.१० वर असेल आणि एकशे पाचची जोडी ६.०५ वर, दोघंही बरोबर. म्हणून मी कोणाला नुसता आकडा सांगत नाही, आधी वजन विचारतो. ताईंनी प्रश्नातच लिहिलं होतं, त्यामुळे काम सोपं झालं.

खारावारा

काल तेरा-चौदा नॉट होता. टेप ६.०६, खालचा श्राउड नुकता सैल, बोर्ड थोडा वर. टिलर दोन बोटांत नाही, पण एका हातात आला. आणि पहिल्यांदाच दुसऱ्या एका ४२० च्या वाऱ्याकडच्या अंगाला शेवटपर्यंत टिकलो. मग पहिल्या खुणेच्या बोयाला गर्दीत सापडलो ते वेगळं.

एक नवी तक्रार. बूमचं मागचं टोक आता बरंच खाली आलंय. टॅक करताना (वाऱ्यातून वळून बाजू बदलताना) दोनदा माझ्या डोक्याला लागलं, भावाच्या तर मानेलाच. याला काही उपाय?

जुना_बोसन

रेक वाढला की बूम खाली येणारच. टॅकच्या आधी किकर जरा सोडा, बूमचं टोक वर जातं. नव्या बाजूला बसलात की पुन्हा ओढा. भावाला म्हणावं, ट्रॅपीझवरून आत येताना आधी गुडघे, मग डोकं.

हुसेनसागर_क्रू

आणि हेल्मेट. आमच्याकडे ज्युनियर मुलं घालतात, कोणी हसत नाही.